पाऊस एक, बांध दोन

(कार्तिक शुद्ध दशमी, पंढरपूर. नामगजरानंतरचे निरूपण.)



अभंग आपण सगळ्यांनी आत्ताच टाळमृदंगावर म्हटला. तुकोबारायांचा अभंग. शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, म्हणून त्याचे चरण मी पुन्हा उच्चारीत नाही. महाराजांनी काय केले? झाडांशी, रानातल्या जिवांशी सोयरीक जोडली. आता सोयरीक हा शब्द हलका नाही बरं का. आपल्याकडे सोयरीक झाली की जाणे-येणे आले, हवे-नको आले. सोयऱ्याच्या घरी कुणी आजारी आहे असे कळले, तर आपण काय करतो? हातातले काम टाकून भेटायला जातो. उशाशी बसतो. विचारतो, कुठे दुखतंय? कधीपासून? जेवण जातंय का?

मग मला सांगा, या सोयऱ्याची विचारपूस आपण शेवटची कधी केली? आपल्या बांधावरच्या लिंबाची? डोंगरावरच्या रानाची? ज्या काळ्या आईच्या अंगावर आपण वाढलो, तिच्या अंगात ताप किती आहे, हे कधी हात लावून बघितले का?

आजची सेवा एवढीच आहे. विचारपूस कशी करायची, ते बघायचे.

सकाळी तुम्ही चंद्रभागेत स्नान केले. पाणी डोक्यावर घेतले, तोंडाने नाम घेतले. चांगले झाले. पण हे पाणी आले कुठून? ही भीमा. इथे चंद्रकोरीसारखी वळली म्हणून चंद्रभागा. ती निघाली भीमाशंकरच्या रानातून, सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे अजून शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारते. तिथून निघून कृष्णेला मिळेपर्यंत ती ८६१ किलोमीटर चालते. वारकरीच म्हणा ना! वाटेत उजनीला थांबते, किती शेतांना पाणी पाजते, आणि मग तुमच्या-माझ्या डोक्यावर येते. म्हणजे तुमचे तीर्थ आधी कुणाच्या मुळाशी मुरले होते? भीमाशंकरच्या झाडांच्या. रान आणि शेत ही दोन प्रकरणे नाहीत. वरचे रान हे घागरीचे तोंड आहे आणि खालचे शेत ही तिची धार आहे.

आणि याच नदीची दोन्ही रूपे आपण बघितली. उन्हाळ्यात याच वाळवंटात घोटा न भिजता माणूस पलीकडे जातो. आणि २०२० च्या ऑक्टोबरात हेच पाणी घाट चढून वस्तीत आले. २०१६ साली लातूरला प्यायला पाणी नव्हते. मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात, इकडे सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठी, हातातोंडाशी आलेले पीक पाण्याखाली गेले. एकच मुलूख. कधी घोटभर पाण्यासाठी रडतो, कधी पाण्यातच बुडतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती दुसऱ्या कुणाची नाही, माझ्या चुकीची आहे.

एका आषाढी वारीत मुक्कामाला कीर्तन झाले. मी प्रारब्धावर बोललो होतो. बरे झाले असेल, लोक डोलत होते. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी आजी पुढे आली. डोक्यावर तुळस, पायाला फोड. मराठवाड्यातली. म्हणाली, "महाराज, एक विचारू का?"

म्हटले, "विचारा ना माउली."

"मला दोन ल्योक. रान शेजारी-शेजारी, एकाच काळ्या मातीचं. मधी एक बांध. गेल्या साली ढगफुटीवानी पाऊस झाला. थोरल्याचं रान हाय तसं राहिलं. धाकट्याचं वाहून गेलं, खालचा मुरूम उघडा पडला. पाऊस एकच व्हता महाराज. दोघंबी माझीच. देवानं असं का केलं?"

मी काय उत्तर दिले असेल? कीर्तनकाराच्या जिभेवर जे तयार असते तेच. म्हटले, "आजी, ज्याचे त्याचे प्रारब्ध."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे प्रारब्ध बांधापाशी येऊन थांबतंय व्हय?"

(विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!)

मायबापहो, त्या रात्री मला झोप आली नाही. चार पुस्तके वाचून जे कळले नाही ते त्या माउलीने एका वाक्यात विचारले. पाऊस देवाचा, हे खरे. पण एकाच पावसात एक रान तरते आणि दुसरे बुडते, तेव्हा सगळे ओझे देवाच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे ही भक्ती नव्हे. तो आळस आहे. आणि कीर्तनकाराने ते शिकवणे हे तर पाप आहे. माझ्या पदरी ते पडले.

दिवाळी झाल्यावर मी तिच्या गावी गेलो. दोन्ही रानांतून पायी फिरलो. आणि मला जे दिसले ते सांगतो, नीट ऐका.

थोरल्याच्या रानाला चारी बाजूंनी बांध शाबूत होता. बांधावर लिंब, बाभूळ, एक बोर. पेरणी उताराला आडवी. सोयाबीन होते, पण मध्ये तुरीच्या ओळी होत्या, कडेला ज्वारी होती. दर दोन-तीन वर्षांनी शेणखत पडत होते. मातीचे ढेकूळ हातात घेतले तर चुरा होत होता, त्यात गांडुळाची बिळे दिसत होती. पाऊस आला, आडव्या सरींनी अडला, बिळांतून खाली मुरला, राहिलेले पाणी सांडीवरून शांतपणे निघून गेले.

धाकट्याने काय केले होते? बांध नांगरून रानात घेतला होता. दोन तास जास्त मिळाले. सावलीने पीक मारते म्हणून झाडे तोडली होती. सगळे रान सोयाबीन. पेरणी उताराच्या दिशेने, कारण ट्रॅक्टरवाल्याला तसे सोपे पडते. जनावरे विकलेली, म्हणून शेणखत नाही. कर्ज काढून दोन बोअर घेतलेले, दोन्ही कोरडे. पाऊस आला आणि त्या उभ्या सरींच्या पाटांतून रानाची साय घेऊन ओढ्याला लागला. बोटभर जाडीची माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. ती एका रात्रीत गेली.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, म्हणजे थोरला शहाणा आणि धाकटा येडा. थांबा! मीही तसेच म्हणणार होतो. पण त्या आजीने मला थांबवले. म्हणाली, "थोरल्याचा पोरगा पुण्याला नोकरीला हाय. महिन्याला पैसे धाडतो. धाकट्याच्या दोन पोरींची लग्नं झाली. बांध हौसेनं मोडला न्हाई त्यानं, पोट भरंना म्हणून मोडला."

कळले का? दुबळेपणा हा गुन्हा नाही. ती एक अवस्था आहे. तिच्यामागे कर्ज असते, आजारपण असते, एकटेपणा असते. म्हणून विचारपूस करायची ती बोट दाखवण्यासाठी नाही, हात देण्यासाठी.

आता जे मी त्या दोन रानांत डोळ्यांनी बघितले, तेच काम हवामानाचे शास्त्रज्ञ आकडे मांडून करतात. त्यांचे मोठमोठे शब्द बाजूला ठेवू. सगळ्याचा गाभा तीन प्रश्नांत आहे. बोटांवर मोजा.

पहिला प्रश्न: अंगावर काय येणार? ऊन किती, पाऊस किती, वादळ किती. ही झळ.

दुसरा प्रश्न: ते आले तर किती लागणार? माती किती जिवंत आहे, पीक एकच आहे की चार आहेत, उतार किती आहे. हा नाजूकपणा.

तिसरा प्रश्न: लागल्यावर सावरायला जवळ काय आहे? पाणी, बियाणे, धान्य, जनावर, बचत, आणि मदतीला येणारी माणसे. ही सावरण्याची ताकद.

वैद्यही हेच करतो की! साथ आली आहे का बघतो, रोग्याचा पिंड बघतो, आणि घरात सेवा करायला कोण आहे ते विचारतो. तिन्ही कळल्याशिवाय औषध देत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज काय आहे? झळ वाढली आहे. १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. तुम्ही म्हणाल, पाऊण अंशाने काय होते? माणसाच्या अंगात एक अंश ताप वाढला तर काय होते, ते आईला विचारा. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. ढग जास्त पाणी उचलतो, जास्त वेळ अडून बसतो, आणि टाकतो तेव्हा एकदम टाकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे त्यांना दिसले. आणि गंमत बघा, देशाचा एकूण मोसमी पाऊस १९५१ पासून २०१५ पर्यंत सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाला. सह्याद्रीतही घटला. म्हणजे पाऊस एकंदर कमी, पण पडतो तेव्हा तडाखा मोठा. मध्ये लांब खंड. ज्या पावसाच्या भरवशावर आपल्या आजोबांनी नक्षत्रे बांधली, तो पाऊस आता नक्षत्र विसरला आहे.

ही झळ एकट्या गावाच्या हातात नाही. जग जो धूर सोडते त्याचा हिशेब जगाला द्यावा लागेल, आणि आपण तो मागितलाही पाहिजे. पण दुसरा आणि तिसरा प्रश्न? नाजूकपणा आणि सावरण्याची ताकद? यांतले बरेचसे आपल्या शिवारात आहे. आजीचा बांध तिथे आहे.

आता हा हिशेब देशाने मांडला आहे का? मांडला आहे. हैदराबादला केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था आहे. २०१९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या ५७३ ग्रामीण जिल्ह्यांची अशी तपासणी मांडली. १०९ जिल्हे अतिशय जास्त धोक्याचे निघाले आणि २०१ जास्त धोक्याचे. बेरीज करा. ३१०. निम्म्याहून अधिक! आणि आपल्या राज्यातली जवळजवळ चार पंचमांश शेती पावसाच्या पाण्यावर आहे.

पण एक इशारा देतो. सरासरीने फसू नका. राज्या-राज्यांची तुलना करणारा एक अहवाल २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने प्रसिद्ध केला. त्यात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल आणि पश्चिम बंगाल ही राज्ये जास्त दुबळी ठरली. आपला महाराष्ट्र कमी दुबळ्यांत आला. टाळ्या वाजवायच्या का? अहो, राज्याला एकच आकडा दिला की त्यात मुंबईची तिजोरी आली आणि धाकट्याचा मुरूमही आला. दिंडीत शंभर माणसे आहेत, सरासरी तब्येत उत्तम आहे, म्हणून ज्याला ताप आहे त्याला गाडीत बसवायचे नाही का? हिशेब जितका खाली, शिवाराजवळ आणाल, तितका खरा होतो.

म्हणून आपल्या राज्यात एक काम झाले ते मला मोलाचे वाटते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोक त्याला पोकरा म्हणतात. २०१८ मध्ये सुरू झाला. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतली सुमारे पाच हजार गावे त्यात घेतली. कशी घेतली? कुठल्या गावाला हवामान बदलाचा मार जास्त बसेल हे बघून. आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायला सांगितला.

ताळेबंद म्हणजे काय? आपल्या घरात जमाखर्चाची वही असते ना, तशी पाण्याची वही. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते सुमारे चार हजार लिटर. पाचशे मिलिमीटर पडला तर एका एकरावर वीस लाख लिटर! एवढी जमा देवाने दिली. मग वाहून किती गेले, उन्हाने उडाले किती, मुरले किती, माणसाला-जनावराला किती लागले, पिकाला किती लागेल? ते वजा केले की शिल्लक कळते. शिल्लक नसताना ऊस लावला, तर ती काय शेती झाली? ती पोरांच्या वाटचे पाणी आज पिण्याची उचल झाली.

हिवरे बाजारचे नाव तुम्ही ऐकले असेल. नगरकडचे गाव, पाऊस कमी. पोपटराव पवारांच्या बरोबरीने त्या गावाने दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचे अंदाजपत्रक मांडले. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, आणि मग गावाने ठरवायचे की यंदा काय पेरायचे. शेतीसाठी बोअर नाही, भरमसाट पाणी पिणारी पिके नाहीत. तिथे काही वेगळा देव नाही हो! तोच विठोबा आहे. पण त्यांनी देवाने दिलेल्या जमेचा हिशेब ठेवला.

आता शेताकडून वर रानाकडे चला. कारण नदी तिथून येते.

रानाला वाटते आपण राकट आहोत. आपल्यालाही तसे वाटते. शेताला माणूस लागतो, रानाला कोण पाणी घालते? पण रानही नाजूक होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात अंदाज दिला आहे की २०३० पर्यंतच देशातल्या ४५ ते ६४ टक्के जंगलांना हवामान बदलाची झळ लागेल. झळ लागेल म्हणजे काय? उन्हाळा लांबतो, पाचोळा खडखडीत वाळतो, वणवा लवकर पेटतो. फुलोऱ्याची वेळ सरकते, फळ धरत नाही. नवे रोप उगवते आणि पावसाच्या खंडात करपते. जुनी झाडे उभी दिसतात, आपल्याला वाटते रान आहे. पण खाली लेकरू नाही. म्हाताऱ्यांचे गाव झालेले असते ते.

भीमाशंकरच्या आसपास, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी बांधव हिरडा गोळा करतात. वर्षाची रोख रक्कम पुष्कळ घरांना त्या हिरड्यातून मिळते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात उतरले आणि घाट चढून वर आले. हिरड्याची झाडे मोडली, फळे झडली. शेतातल्या पिकाचा पंचनामा आपल्या ओळखीचा आहे. पण रानातल्या झाडावर ज्याची चूल पेटते, त्याचे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचे? भरपाईसाठी त्या लोकांना आंदोलने करावी लागली. बघा, तीन प्रश्न इथेही लागू पडतात. झळ: वादळ. नाजूकपणा: रोख कमाई एकाच झाडावर. सावरण्याची ताकद: झाड पुन्हा फळायला वर्षे लागतात, आणि कागदावर हक्क मांडताना दमछाक.

त्याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव होते. ३० जुलै २०१४. पाऊस कोसळत होता. सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि गाव मातीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ते नाव घेतले की मी हात जोडतो. अतिवृष्टी, झिजलेला डोंगर, उतारावर झालेले फेरबदल अशी कारणे जाणकारांनी मांडली. डोंगर काही एका दिवसात दुबळा होत नाही, मायबापहो. कोसळतो मात्र एका क्षणात. मधल्या काळात त्याच्या उशाशी बसून विचारणारे कुणीतरी असावे लागते.

आपल्या पूर्वजांनी ही विचारपूस धर्मातच घातली होती. देवराई म्हणजे काय? इथली काडीही उचलायची नाही. भीती देवाची, पण राखण झऱ्याची, बियाण्याची, मधमाशीची. आज ज्या गावाची देवराई दाट आहे, त्या गावाकडे उजाड डोंगरावर पुन्हा लावायला बी आहे. ते रानाचे बियाण्याचे कोठार आहे.

कोठार म्हटल्यावर कोण आठवते? दामाजीपंत! आपल्याजवळच मंगळवेढा. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडली. बेदरच्या बादशहाने पकडून आणायचा हुकूम काढला. तेव्हा पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन गेला, रक्कम भरली, पावती घेतली. ही कथा आपण किती वेळा ऐकली! डोळ्यांत पाणी येते. पण एक गोष्ट आपण विसरतो. देव धावला, हे खरे. पण देव धावायच्या आधी कोठारात धान्य होते! सुगीच्या दिवसांत कुणीतरी पेरले होते, मळले होते, साठवले होते. आणि ते उघडणारा एक मोठ्या मनाचा माणूस होता. कोठार रिकामे असते तर दामाजीपंतांनी काय उघडले असते?

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुष्काळ पडल्यावर तयार होत नाही. ते आधी तयार करावे लागते. आणि मंगळवेढ्याची ज्वारीच बघा. पावसाळा संपल्यावर पेरतात, काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती येते. माणसाला भाकरी, बैलाला कडबा. पण त्यासाठी माती जिवंत हवी, ओल धरणारी हवी. माती हेच पहिले कोठार आहे. ते मोडून आपण कुठले कोठार भरणार?

आता एकादशीचा नेम सगळे करता. उद्या करालच. मी आणखी एक नेम मागतो आहे. भिक्षा समजा.

गावी गेल्यावर काल्याच्या आधी एक दिवस शिवारफेरी करा. टाळ घ्या, मृदंग घ्या, पताका घ्या. वर डोंगरापासून सुरुवात करा आणि ओढ्याच्या तोंडापर्यंत चाला. नाम घेत चाला, आणि डोळे उघडे ठेवून चाला. पाच गोष्टी बघा. एक, माती कुठून वाहते? ओढ्याचे पाणी कुठल्या रानापाशी गढूळ होते? दोन, कुठल्या विहिरीचा तळ सगळ्यात आधी लागतो? विहिरीत दोर सोडून पाणी मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. तीन, माळावर, रानात नवे रोप उगवते आहे का, की नुसती जुनी झाडे आहेत? चार, गावात एकाच पिकावर किती घरे उभी आहेत? आणि पाच. हे सगळ्यात महत्त्वाचे. मार बसला तर सगळ्यात आधी कुठले घर मोडेल? एकटी बाई शेती करते ते घर असेल, भूमिहीन असेल, कर्जात बुडालेले असेल. त्या घरापाशी दिंडी थांबवा. पाणी मागा. बसा. विचारा.

म्हातारी माणसे सोबत न्या. कुठला झरा कोणत्या महिन्यात आटायचा, हे त्यांनाच ठाऊक. पोरांना न्या, वही त्यांच्या हातात द्या. बाया न्या, कारण पाण्याची घागर त्यांच्या डोक्यावर आहे, आणि घागरीचा हिशेब कधी चुकत नाही. दरवर्षी याच तिथीला पुन्हा चाला. वारी कशाने होते? एकदा गेल्याने नाही. नेमाने गेल्याने.

धाकट्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही मनात विचारत असाल. मी त्या आजीच्या अंगणात थोरल्याला बोलावले. काही उपदेश केला नाही, कारण माझीच मान खाली होती. आजीच म्हणाली, "बांध दोघांचा हाय. एका अंगानं मोडला तर दुसऱ्या अंगानं कसा राहील?" त्या उन्हाळ्यात गावच्या भजनी मंडळाची पोरे, दोघे भाऊ आणि धाकट्याची बायको, सगळ्यांनी मिळून बांध घातला. ओढ्याचा गाळ ओढून रानात टाकला. तुरीचे आणि ज्वारीचे बी थोरल्याने दिले. लिंब लावले.

मी खोटे सांगणार नाही. पुढच्या पावसात निम्मा बांध फुटला. गेलेली माती काही परत आली नाही, आपल्या हयातीत येणारही नाही. पण निम्मा बांध राहिला. त्या निम्म्या रानात तूर उभी राहिली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात फुटलेला निम्मा पुन्हा घातला.

गेल्या आषाढीला आजी भेटली. चालताना आता काठी लागते. मी पाया पडलो, ती नको नको म्हणाली. मी विचारले, "आजी, बांध कसा आहे?"

म्हणाली, "पावसाला विचारून सांगते."

आणि हसली. मायबापहो, त्या हसण्यात घमेंड नव्हती की माझे रान आता सुरक्षित आहे. आणि आपल्या हातात काहीच नाही, अशी लाचारीही नव्हती. पाऊस देवाचा आहे, तो येईल तसा येईल. पण तो येईल तेव्हा आपला बांध कुठे कच्चा आहे, हे तिला आता ठाऊक आहे. आणि तिचे दोन्ही लेक त्या बांधावर उभे आहेत.

सोयऱ्याची विचारपूस करा. उशाशी बसा. कुठे दुखतंय ते विचारा. मोडायच्या आधी विचारा.

एवढे बोलून ही वाणीची सेवा पांडुरंगाच्या चरणी ठेवतो. अधिक-उणे झाले असेल ते माझे, गोड लागले असेल ते संतांचे आणि त्या आजीचे.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!